व्याह्यांना राहून गेलेलं उत्तर

व्याह्यांशी वाद घालू नये, हे माझ्या आईचं सांगणं. मुलगी ज्या घरात दिली तिथल्या माणसाशी तर मुळीच नाही. तेव्हा गेल्या मार्गशीर्षात गोविंदपुरम्‌च्या विठ्ठल मंदिरात, दुपारच्या प्रसादानंतर आमचे व्याही बोलत होते आणि मी मान डोलावत फिल्टर कॉफी निववत होतो. तोंडापर्यंत आलेलं उत्तर कॉफीबरोबर गिळलं. पण ते काही पचलं नाही. अजून घशाशी येतं. म्हणून इथं लिहून टाकतो. व्याही हे वाचतील याची मला खात्री आहे, पण छापलेल्या मजकुरावरून सोयरीक मोडत नाही, असा माझ्या धंद्यातला अनुभव आहे.

गोविंदपुरम् हे कुंभकोणम्‌च्या पुढे, मयिलाडुतुरैच्या वाटेवरचं लहानसं गाव. कांची पीठाचे बोधेंद्र सरस्वती यांची समाधी इथं आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस त्यांनी इथं देह ठेवला, आणि नामसंकीर्तन करणाऱ्या दाक्षिणात्य मंडळींना हे गाव आपल्या आळंदीसारखं. त्यात २०११ साली इथं पंढरपूरच्या वळणाचं विठ्ठल-रखुमाईचं मोठं मंदिर झालं. तमिळ माणसं इथं मराठी अभंग म्हणतात, खणखणीत ळ सकट. (दिल्लीकडच्या माणसाच्या जिभेवर जन्मात न बसणारा ळ कावेरीकाठच्या पोराला आईच्या दुधाबरोबर मिळतो.) मात्र हे अभंग ते वाचतात तमिळ लिपीतून. त्या लिपीत क, ख, ग, घ या चौघांना मिळून एकच अक्षर. म्हणून भजनाच्या पुस्तकांत त्या अक्षराच्या खांद्याशी बारीक आकडा घालतात: ख असेल तर २, ग असेल तर ३, घ असेल तर ४. विठ्ठलाच्या ठ लाही असा एक बारीक २ चिकटलेला असतो.

मी पुण्यात गेली तीसेक वर्षं अक्षरजुळणी करतो, सगळे ज्याला डीटीपी म्हणतात ते. तिकडच्या एका भजनी मंडळाला अभंगांची पुस्तिका हवी होती, डाव्या पानावर देवनागरी, उजव्या पानावर तमिळ. मंडळाचे प्रमुख तंजावरी मराठी घरातले. लहानथोर सगळे त्यांना मामा म्हणतात. मुद्रितं त्यांच्यासमोर बसून तपासायची म्हणून मी लॅपटॉप घेऊन गेलो, आणि अनायासे यात्रा होईल म्हणून व्याही आणि विहीणबाई बरोबर आले.

व्याह्यांनी उभं आयुष्य संगणक विकले. फार मोठ्या हुद्द्यावरून निवृत्त झाले, माणूस दिलदार, बोलणं ऐकत राहावंसं. माझ्या पडद्यावर दोन लिप्या शेजारी शेजारी बघून ते खूश झाले. म्हणाले, "बघा, ही सगळी स्पर्धेची कृपा. मायक्रोसॉफ्ट आणि ॲपल एकमेकांच्या उरावर बसले नसते ना, तर तुम्ही अजून शिशाचे खिळे जुळवत असता." मग गाडी पुढे गेली. लिनक्सवाले फुकट वाटत हिंडले, घेतली का कुणी? लोकांनी कौल दिला. आणि जाहिरातींना तुम्ही लेखक मंडळी उगाच नावं ठेवता. जाहिरात म्हणजे गिऱ्हाइकाला दिलेली माहिती, दुसरं काय?

मी लेखक नाही, हे सांगायचंही तेव्हा राहून गेलं.

शिशाच्या खिळ्यांपासूनच सुरू करतो, कारण व्याही बसले होते त्या जागेपासून तंजावर काही फार लांब नाही. तिथं सरफोजी दुसरे यांनी १८०५ च्या सुमारास देवनागरी छापखाना काढला आणि इसापच्या गोष्टींचं मराठी 'बालबोध मुक्तावली' तिथं छापलं गेलं. पुण्यात तेव्हा पेशवाई होती आणि छापलेलं मराठी पुस्तक म्हणजे काय हे शनिवारवाड्याला ठाऊक नव्हतं. सरफोजींना कोणाशी बाजारात टक्कर द्यायची नव्हती. राजाला पुस्तकांचं वेड होतं, पोरांना शिकवायचं होतं, म्हणून अक्षरं पाडून घेतली. हे उदाहरण जुनं आहे आणि राजाचं आहे, मान्य. पण पुढे संगणकावर जे घडलं त्याची जातकुळी याच्याशीच जुळते.

मी इनस्क्रिप्ट कळपाटावर टाइप करतो. 'विठ्ठल' लिहायचं तर इंग्रजी बी च्या जागी व, एफ वर वेलांटी, मग शिफ्ट धरून अवतरणचिन्हाची कळ म्हणजे ठ, डी म्हणजे पाय मोडणं, पुन्हा ठ, आणि एन वर ल. आता कळपाट तमिळला वळवायचा आणि त्याच कळा त्याच क्रमानं दाबायच्या, फक्त शिफ्ट सोडून द्यायचं. पडद्यावर तमिळ विठ्ठल उभा. मला तमिळ वाचता येत नाही. डोळ्यांना ती अक्षरं म्हणजे जिलब्या. पण बोटांना सगळं येतं. मामांना हे पहिल्यांदा करून दाखवलं तेव्हा ते कळपाटाकडे बघायचे सोडून माझ्या बोटांकडेच बघत राहिले.

ही करामत कुठल्या कंपनीची? कुठल्याच नाही. कानपूरच्या आयआयटीत सत्तरच्या आणि ऐंशीच्या दशकात या कामाचा पाया घातला गेला. भारतातल्या ब्राह्मी कुळातल्या लिप्यांचा सांगाडा एक आहे, तेव्हा कळाही एक आणि सांकेतिक क्रमांकांची मांडणीही एक, असा तो विचार. इनस्क्रिप्ट कळपाट १९८६ साली सरकारी इलेक्ट्रॉनिक्स विभागानं प्रमाण म्हणून ठरवला. मोहन तांबे आणि त्यांचे सहकारी ते काम घेऊन पुण्यात नव्यानंच निघालेल्या सीडॅक या सरकारी संस्थेत आले, संगणकात बसवलं की भारतीय लिप्या दाखवणारं जिस्ट कार्ड झालं, आणि ती संकेतमांडणी १९९१ मध्ये इस्की या नावानं भारतीय मानक ठरली. जगातल्या लिप्यांना क्रमांक देणाऱ्या युनिकोडनं भारतीय लिप्या घेतल्या त्या इस्कीच्या १९८८ च्या आराखड्यावरून. त्याचा पुरावा युनिकोडच्या कोष्टकात आजही बघता येतो. देवनागरीच्या तक्त्यात ज्या घरात क बसलाय, तमिळच्या तक्त्यात बरोबर त्याच घरात तमिळ क आहे. त्यापुढची ख, ग, घ यांची तीन घरं तमिळच्या तक्त्यात रिकामी. नंतर ङ पुन्हा आपल्या जागी. पंगतीत तीन पाटांवर कोणी बसायचं नाही, पण पाट मांडलेले. गोविंदपुरम्‌च्या भजनी पुस्तिकेतले ते बारीक २, ३, ४ म्हणजे त्या रिकाम्या पाटांवर ठेवलेली सुपारी, असं मला ते जुळवताना वाटत होतं. (त्या आकड्यांनी माझा छळ वेगळाच केला. वर चढवलेले २ आणि ३ युनिकोडमध्ये एका खोलीत राहतात आणि ४ भलत्याच; त्यामुळे पुष्कळ फाँटांत ४ ची उंची बाकीच्या दोघांशी जुळत नाही. घ आला की ओळ लंगडते.)

आता कोणी म्हणेल, युनिकोड तर कंपन्यांचंच. खरं आहे, आणि व्याह्यांविरुद्धचा माझा सगळ्यात भक्कम मुद्दा हाच. झेरॉक्स आणि ॲपलमधल्या माणसांनी ते काम सुरू केलं, मायक्रोसॉफ्ट त्यात आली, १९९१ च्या जानेवारीत त्यांचा संघ रीतसर नोंदला गेला. म्हणजे बाहेर एकमेकांची कॉलर धरणारी ही मंडळी अक्षरांपुरती एका टेबलाशी बसली आणि म्हणाली, क चा क्रमांक सगळ्यांचा एकच असू दे. या एका बाबतीत त्यांनी स्पर्धा बंद ठेवली, म्हणून माझी फाइल पुण्यात उघडते तशी कुंभकोणमात उघडते.

स्पर्धा चालू ठेवली असती तर काय झालं असतं, हे मला कल्पना करून सांगायला नको, कारण मी त्यात धंदा केलाय. नव्वदचं दशक आठवा. मराठी फाँट विकणाऱ्या कंपन्या पाचपन्नास, आणि प्रत्येकीचे संकेत स्वतःचे. एकीच्या क च्या जागी दुसरीचा श. मुद्दाम तसं ठेवलेलं, म्हणजे गिऱ्हाईक एकदा गोठ्यात आलं की दावं तोडून जाणार नाही. वर संगणकाच्या मागं खोचायचं एक बोंडूक, त्याला आम्ही लॉक म्हणायचो. ते काढलं की फाँट मुका. १९९९ साली एका लेखकानं आपली तीनशे पानांची कादंबरी फ्लॉपीवर आणून दिली, मोठ्या प्रेमानं, तुमचं काम वाचवलं म्हणून. उघडली तर पडद्यावर नुसता भाजीबाजार. त्यांचा फाँट वेगळा, माझा वेगळा. दोन मुली बसवून सगळी कादंबरी पुन्हा टाइप केली, आणि त्यात ज्या चुका झाल्या त्या लेखकानं मरेपर्यंत मला ऐकवल्या. व्याही म्हणतात ती शुद्ध, निर्भेळ, कोणाचीही आडकाठी नसलेली स्पर्धा मराठी अक्षरांनी एकदाच पाहिली, ती ही. त्या काळातला निम्मा मजकूर आज कोणत्याच यंत्रावर धड उघडत नाही.

इथं व्याह्यांच्या पारड्यात जे आहे ते टाकलं पाहिजे. विंडोज २००० मध्ये पहिल्यांदा भारतीय लिप्या नीट दिसू लागल्या, आणि पहिल्या दोन कोणत्या? देवनागरी आणि तमिळ. देवनागरीसाठी मंगल, तमिळसाठी लता. मायक्रोसॉफ्टनं त्यावर पैसा आणि माणसं लावली, यात वादच नाही. पण ती अक्षरं घडली कोणाच्या नजरेखाली, तर र. कृ. जोशी यांच्या. जाहिरातीच्या जगात मुरलेला हा सुलेखनकार, दृश्यकविता करणारा कवी, आयआयटी मुंबईत शिकवून आलेला, आणि हे काम करताना मुंबईच्या एनसीएसटी या सरकारी संशोधन संस्थेतला. म्हणजे गोविंदपुरम्‌च्या माझ्या पडद्यावर डावं पानही मराठी माणसाच्या देखरेखीत घडलेलं आणि उजवं, तमिळ पानही. हे मामांना सांगितलं तेव्हा त्यांनी तमिळ लता फाँटातली ओळ बोटानं चाचपून पाहिली, जणू पडद्यावर शाई लागलेली असावी. मंगल मला स्वतःला कधी आवडला नाही, पुस्तकात तर तो टापटीप सरकारी बाबूसारखा दिसतो. तो भाग वेगळा.

आणि लिनक्सकडे? तिथं कोणाला नफा नव्हता, तरी काम झालंच. मुंबईत इंडलिनक्सवाले जमले, व्हीजेटीआयमधून इंडिकट्रान्सनं मराठी भाषांतरं केली, पुण्यात रेड हॅटच्या कचेरीतून लोहित फाँट सांभाळले गेले. बरं, स्पर्धेनंच मराठी आली असं म्हणायचं तर एक हिशेब जुळत नाही. आयफोन आणि अँड्रॉइड यांची झुंज २००८ पासून पेटली. जगानं इतकी कडवी चढाओढ क्वचित पाहिली असेल. आणि त्याच काळातल्या अँड्रॉइडवर मराठी निरोप आला की काय दिसायचं? चौकोन. नुसते रिकामे चौकोन, एका ओळीत लावलेल्या चाळीच्या खिडक्यांसारखे. दोन पहिलवान आखाड्यात लोळत होते आणि आपल्याला धुळीशिवाय काही मिळत नव्हतं.

अजून एक तारीख सांगतो. ॲपलच्या त्या गाजलेल्या जाहिराती २००६ ते २००९ चालल्या, एकूण ६६. पांढऱ्या पार्श्वभूमीवर दोन माणसं. एक सडपातळ, मोकळाढाकळा, तो म्हणजे मॅक. दुसरा सुटाबुटातला, गोंधळलेला, तो म्हणजे पीसी. मायक्रोसॉफ्टनं त्याला २००८ मध्ये स्वतःच्या जाहिराती काढून उत्तर दिलं. कोट्यवधी डॉलरचा तमाशा. त्याच २००८ साली युनिकोडच्या ५.१ आवृत्तीत मराठीच्या ॲ ला पहिल्यांदा स्वतःचं घर मिळालं. तोवर आम्ही अ वर चंद्र वेगळा चिकटवायचो आणि छापताना तो कधी कधी शेजारच्या अक्षरावर उडून बसायचा. गंमत अशी की 'ॲपल' हा शब्द मराठीत धड लिहिता येऊ लागला तो ॲपलच्या जाहिराती निम्म्या होऊन गेल्यावर. आणि तो त्या जाहिरातींमुळे आला नाही. कुठल्याशा समितीत प्रस्ताव, नकाशे, आक्षेप, पुन्हा प्रस्ताव, असल्या नीरस कामातून आला.

यावरून जाहिरात म्हणजे माहिती या वाक्याकडे येतो. त्या ६६ जाहिरातींत माहिती किती होती? हा तरुण आहे, तो ढेरपोट्या आहे, एवढीच. १९८४ च्या जानेवारीतली मॅकिंटॉशची जाहिरात तर संगणक दाखवतच नाही. एक बाई घण फेकते आणि पडदा फुटतो. विंडोज ९५ बाजारात आली तेव्हा रोलिंग स्टोन्सचं गाणं विकत घेतलं होतं. हे सगळं करमणूक म्हणून मला आवडतं, खोटं कशाला बोलू. पण यातून गिऱ्हाइकाला कळतं काय? २००१ साली मायक्रोसॉफ्टचे प्रमुख स्टीव्ह बाल्मर यांनी लिनक्सला कर्करोगाची उपमा दिली. २०१४ साली त्यांच्याच गादीवर बसलेले सत्य नडेला 'मायक्रोसॉफ्टचं लिनक्सवर प्रेम आहे' अशी पाटी मागं लावून भाषण करत होते, आणि दोन वर्षांनी विंडोजच्या पोटात लिनक्स चालवायची सोयच देण्यात आली. तेरा वर्षांत रोग नवरदेव झाला. मधल्या काळात लिनक्सचा स्वभाव बदलला नव्हता. बदलली ती गिऱ्हाइकं, कारण मोठमोठे सर्व्हर लिनक्सवर गेले. यात माहिती कोणती आणि बाजारभाव कोणता, हे व्याह्यांनी मला एकदा समजावून सांगावं.

आपल्या वाट्याला या स्पर्धेचं काय आलं तेही आठवून पाहा. २००५ मध्ये भारतासाठी खास स्वस्त विंडोज निघाली, एक्सपी स्टार्टर. हिंदीत होती, चांगली गोष्ट. पण एका वेळी तीनच प्रोग्रॅम उघडायचे. चौथा उघडायला गेलात तर आधीचा एक मिटा. पंगतीत बसवून सांगायचं, पानात तीनच पदार्थ राहतील, कोशिंबीर हवी असेल तर वरण उचला! ही मर्यादा तांत्रिक नव्हती. यंत्राला चौथा पेलला असता. गरिबाला दिलेल्या मालानं श्रीमंताच्या मालाचा भाव पडू नये म्हणून घातलेलं ते दावं होतं. ज्यांचं बाजारात बरोबरीचं कोणी नाही त्यांनाच हे परवडतं.

आता कौल. व्याह्यांचा हा शब्द मला सगळ्यात जास्त लागला, कारण कौल लावायला आधी दोन पाकळ्या तरी देवाला चिकटवाव्या लागतात.

मामांचा नातू मंडळाचा हिशेब ठेवतो, तो एका जुनाट लॅपटॉपवर. बॅटरी मेलेली, त्यामुळे वायर कायम भिंतीत. झाकणावर जयललितांचा फोटो, आता इतका पुसट झालेला की माहीत असेल तरच ओळखू यावा. २०११ च्या सप्टेंबरात सुरू झालेल्या तमिळनाडूच्या मोफत लॅपटॉप योजनेतला तो. ही खरेदी एल्कॉट या सरकारी कंपनीमार्फत होई, आणि सी. उमाशंकर तिचे प्रमुख होते त्या आधीच्या काळात याच कंपनीनं लिनक्सची कास धरली होती. लॅपटॉपांच्या योजनेत दोन्ही आल्या: विंडोज आणि सीडॅकच्या चेन्नई केंद्राची बॉस लिनक्स. नातवानं बटण दाबलं. काळ्या पडद्यावर दोन ओळी उमटल्या, कोपऱ्यात सेकंद उलटे मोजू लागले, त्यानं हात लावला नाही आणि विंडोज आपोआप चालू झाली.

"दुसरी ओळ कधी उघडलीस का?" मी विचारलं.

"एकदा," तो म्हणाला. "चुकून."

मग हसत त्यानं आपल्या तंजावरी मराठीत सांगितलं ते असं की शाळेतल्या सरांनी पहिल्याच दिवशी बजावलं होतं, खालच्या ओळीवर जाऊ नका, मग मला काही विचारू नका. सरांचाही दोष नाही. त्यांना ती कोणी शिकवली नव्हती. केरळात त्याच सुमारास शाळांच्या संगणकांवर लिनक्स होती, कारण तिथं आयटी@स्कूल या सरकारी प्रकल्पानं आधी शिक्षक तयार केले, मग पुस्तकं, मग परीक्षा. घाट ओलांडला की तीच फुकटी, नाकारलेली लिनक्स लाखो पोरं चालवत होती. मल्याळी पोर जात्याच हुशार आणि तमिळ पोर मठ्ठ, असं तर व्याहीही म्हणणार नाहीत.

आपल्याकडचं याहून मजेशीर. एमकेसीएल २००१ मध्ये निघाली, तिची एमएस-सीआयटी ही संगणकाची परीक्षा सुरू झाली, सरकारी नोकरीला ती सक्तीची झाली, दहावीच्या सुट्टीत गल्लोगल्ली पोरं ती करू लागली. संगणकाची भीती महाराष्ट्रातून घालवण्यात त्या अभ्यासक्रमाचा वाटा मोठा आहे. माझ्याकडे कामाला आलेल्या प्रत्येक मुलीनं तो केलेला होता. पण शिकवलं काय? विंडोज, वर्ड, एक्सेल. एमएस म्हणजे महाराष्ट्र स्टेट. मी आजवर पाचसहा जणींना विचारलं असेल. निम्म्या ठामपणे म्हणाल्या, मायक्रोसॉफ्ट.

त्याआधी लोकांनी विंडोज 'निवडली' ती कशी, हेही आपल्या पिढीला पाठ आहे. दुकानदारानं जोडून दिलेला संगणक घरी यायचा तेव्हा विंडोज त्यात असायचीच. खिशातल्या सीडीवरून चढवलेली, बिल नाही, पावती नाही. पैसे मोजून घेतलेली विंडोज मी २००३ पर्यंत डोळ्यांनी पाहिली नव्हती. चोरीचा हा माल कंपनीला अगदीच नकोसा होता असंही नाही. चीनमधल्या चोरीबद्दल बिल गेट्स १९९८ साली वॉशिंग्टन विद्यापीठात बोलले होते, त्याचा मथितार्थ असा की चोरणारच असाल तर आमचंच चोरा, सवय लागू द्या, पैसे कसे गोळा करायचे ते पुढे बघू. आणि खुद्द अमेरिकेत? तिथं संगणक बनवणाऱ्यांशी करार असे की यंत्रावर विंडोज घाला वा न घाला, यंत्रामागे पैसे द्यायचे. १९९४ मध्ये न्याय खात्यानं ती पद्धत सोडायला लावली तोवर दुसऱ्यांची गादी बसायची ती बसली होती. आज फोनवर तेच. भारतात विकल्या जाणाऱ्या बहुतेक फोनांत अँड्रॉइड, आणि तिच्या जोडीला गुगलची दुकानं आधीच थाटलेली. स्पर्धा आयोगानं २०२२ मध्ये त्यावरून गुगलला १३३७ कोटींचा दंड केला. फुकट असूनही घेत नाहीत, असं लिनक्सबद्दल म्हणणाऱ्यांच्या खिशात जो फोन आहे त्याच्या तळाशी लिनक्सचाच गाभा आहे, हे जाता जाता.

लिनक्सची वकिली करायला मी बसलेलो नाही. २००४ च्या आसपास तीन महिने मी सगळं काम तिच्यावर करून पाहिलं. प्रिंटर चालेना, मॉडेम चालेना, 'दऱ्या' मधला र जिथं हवा तिथं बसेना, आणि मदतीला धावून येणारे भक्त आधी माझं चुकलं कुठं ते सांगत. परत फिरलो. त्या वर्षी कोणी मला विचारलं असतं तर मीही व्याह्यांसारखंच बोललो असतो.

जाता जाता व्याह्यांनी स्वदेशीचाही झेंडा फडकवला होता. २०२३ मध्ये मद्रास आयआयटीच्या आश्रयानं भारओएस ही फोनची प्रणाली निघाली, मंत्र्यांनी कॅमेऱ्यासमोर ती चालवून पाहिली. त्याच वर्षी संरक्षण खात्यानं आपल्या संगणकांवर माया आणायचं ठरवलं. पहिलीचा सांगाडा अँड्रॉइडच्या खुल्या भागाचा, दुसरीचा उबुंटूचा. त्यात लाज वाटण्यासारखं काही नाही. मात्र तिरंग्यात गुंडाळून सांगणं हीही जाहिरातच, आणि २००७ पासून बॉस बनवत बसलेल्या चेन्नईच्या माणसांसाठी तेव्हा कॅमेरे आले नव्हते.

संध्याकाळी भजन सुरू व्हायच्या आत मुद्रितं संपवायची होती. मामा उजवं पान वाचत होते, मी डावं. त्यांचं बोट एका ओळीवर थांबलं. 'गोविंद' होता तिथं. तमिळ अक्षर बरोबर होतं, पण खांद्यावरचा ३ राहिला होता. वाचणाऱ्यानं 'कोविंद' म्हटलं असतं. मी आकडा घातला. मग त्यांनी अभंगातले सगळे ग शोधायला लावले, आणखी दोन ठिकाणी तसंच निघालं. कुठलंही सॉफ्टवेअर ही चूक दाखवत नाही. त्याच्या हिशेबी ती चूकच नाही.

व्याही शेजारी येऊन बसले, पडद्याकडे पाहिलं, माझ्या खांद्यावर हात ठेवून म्हणाले, "काय, पटलं ना आमचं?"

मी म्हटलं, "एवढं पान होऊ द्या." कुंभकोणमची गाडी रात्री होती, आणि घ वाली ओळ अजून लंगडत होती.